पेन्टोमिनोचा लाकडी सेट: तुकडे भारी, सोबतचं पुस्तक मात्र कपाटात ठेवा

तिसरी-चौथीला शिकवते, वर्गात वापरायला म्हणून हा सेट घेतला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पाच सारखे चौकोन कडेला कड लावून जोडले की (पालथा केलेला आकार वेगळा न मोजता) एकूण 12 वेगळे आकार होतात, तेच 12 तुकडे डब्यात येतात, म्हणजे सगळी मिळून 60 घरं, आणि त्यांनी 6 बाय 10 ची चौकट भरायची. बस एवढंच.

टँग्रामपण (सात तुकडे जोडून चित्र बनवायचं कोडं) चांगलं आहे पण तिथे चित्र ठरलेलं असतं मग मुलं सारखी येऊन "टीचर बरोबर आहे का" विचारत बसतात. इथे ही एकच चौकट 2339 प्रकारांनी भरते, त्यामुळे शेजारच्याचं बघून करायचा प्रश्नच मिटतो, आणि दोघांची उत्तरं वेगळी तरी दोन्ही बरोबर हे सुरुवातीला त्यांना पटतच नाही, एकमेकांच्या चुका शोधायला लागतात!

खरी मजा अडकल्यावर. एकीचं मस्त चाललं होतं, मधेच तीन घरांची फट राहिली. मी एवढंच विचारलं, रिकामी घरं किती? तीन. आणि तुकडा कितीचा? तिने माझ्याकडे बघितलं, कपाळावर हात मारला आणि तुकडा उचलला. आता ती ठेवायच्या आधीच मोजते, उरलेली जागा पाचाच्या पाढ्यात बसतेय का ते. अधिकच्या चिन्हासारखा तुकडा शेवटी ठेवला की हमखास घोळ होतो हेही मुलांनीच शोधलं, मी सांगितलं नव्हतं.

अवघड जातं ते जमलेलं मोडणं. आठ तुकडे बसलेत, आता काढायचे?? काही जण रडकुंडीला येतात. लुचिन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1942 मध्ये पाण्याच्या भांड्यांची गणितं देऊन हेच दाखवलं होतं, एक रीत हाताला लागली की सोपी रीत समोर असली तरी माणूस जुनीच ओढत राहतो. मोठ्यांचंही तेच की.

आता तक्रारी. रंग एकाच बाजूला दिलाय. 12 पैकी 6 तुकडे पालथे केले की वेगळेच आकार होतात पण मुलांना वाटतं रंग वरच पाहिजे, मग ते उलटवतच नाहीत, म्हणजे अर्धा खेळ कंपनीनेच बंद करून टाकला. आम्ही मागून स्केचपेनने रंगवले तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. दुसरं म्हणजे पुस्तकात दुसऱ्याच नंबरचं कोडं 3 बाय 20 चं, त्याला उत्तरं फक्त 2, कुठल्या शहाण्याने लिहिलंय देव जाणे. आणि पुढच्याच पानावर उत्तर छापलेलं! त्यापेक्षा तीन तुकडे देऊन 3 बाय 5 पासून सुरू करा, मग हळूहळू वाढवत न्या.

दोघांत एक सेट पुरतो, चौघांत दिला तर एकच खेळतो बाकीचे हुकूम सोडतात. माझ्याकडून साडेतीन स्टार, दोन्ही बाजूंनी रंगवलेला मिळाला तर डोळे झाकून घ्या.