ओरा-टू-पीजी: पतपेढीचा डेटा यंत्रानं हलवा, व्याजाचा कोड हातानं

मुंबईतल्या एखाद्या पतपेढीची ओरॅकल या डेटाबेसवरची जुनी प्रणाली पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर न्यायची असेल, तर हे स्थलांतर करणारं ओरा-टू-पीजी हे साधन आधी उतरवून घ्या. पर्लमध्ये लिहिलेलं, मुक्तस्रोत, फुकट. पण सगळंच त्याच्यावर सोपवू नका.

पहिल्या दिवशी त्यातला फक्त शो रिपोर्ट हा अहवाल चालवा, सोबत एस्टिमेट कॉस्टचा पर्याय द्या. टेबलं, आणि ट्रिगर, पॅकेजेस (डेटाबेसमध्येच साठवलेला कोड) मोजून ते कामाचा अंदाज एककांत देतं. एक एकक म्हणजे 5 मिनिटं, पण तो वेग पोस्टग्रेसमध्ये मुरलेल्या माणसाचा. पहिलंच स्थलांतर असेल तर 10 धरा.

टेबलं आणि डेटा हलवण्यात हे साधन उत्तम आहे. एक सेटिंग मात्र आधी बघा: अचूकता (किती अंकी, किती दशांश) न दिलेला नंबर कॉलम ते मुळात बिगइंट, म्हणजे फक्त पूर्णांकांचा, करतं. त्यात रुपयांसोबत पैसे असतील तर डेटाची कॉपी तिथेच अडते. डिफॉल्ट न्यूमेरिक या सेटिंगला 'न्यूमेरिक' (दशांश चालणारा प्रकार) लिहा, प्रश्न मिटला.

खरा धोका कोडमध्ये आहे, कारण तिथे काहीच अडत नाही. 50,000 रुपयांची ठेव, 8 टक्के, 90 दिवस: व्याज 986 रुपये 30 पैसे. जुन्या कोडमध्ये कंसात दिवस भागिले 365 असेल, तर ओरॅकल 0.2466 काढतं. दिवसांचा कॉलम नव्या ठिकाणी इंटिजर (पूर्णांक) झाला की पोस्टग्रेस 90 भागिले 365 म्हणजे 0 धरतं. व्याज शून्य! ना एरर, ना इशारा. ओळींची संख्या दोन्हीकडे तंतोतंत जुळते, म्हणून ओळी मोजणारी टेस्ट काउंट ही चाचणी हिरवी दिसली तरी हुरळून जाऊ नका.

नावांचंही तसंच. मधलं नाव रिकामं असलेल्या सभासदाचं पूर्ण नाव दोन उभ्या रेघांनी (||) जोडलेलं असेल, तर पोस्टग्रेसमध्ये अख्खं नावच नल, म्हणजे रिकामं, होतं. तिथे कॉन्कॅट हे फंक्शन वापरा. त्यामुळे व्याज, दंड, लाभांश आणि पासबुकाची छपाई एवढी पॅकेजेस माणसानंच ओळ-ओळ वाचून लिहावीत. वेळ लागतो, पण सभासदाच्या पैशाचा प्रश्न आहे.

जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर हे साधन सुधारत नाही, जसाच्या तसा हलवतं. अशा फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचीही जागा बदलते. त्यासाठी वेगळी स्क्रिप्ट लिहा, आणि जोडाक्षरांची आडनावं डोळ्यांनी तपासा.

बदल शनिवारी दिवसअखेर झाल्यावर रात्रीच सुरू करा. माणसंही तेव्हाच बोलवा, रविवारी मेगाब्लॉकमध्ये अडकतील. जुना सर्व्हर फक्त वाचण्यापुरता चालू ठेवा. तिमाही व्याज दोन्हीकडे काढून खातंनिहाय पैशापर्यंत जुळल्याशिवाय तो बंद करू नका.