नुसतं आडनाव नाही, नावही सांगणारी लॅब

माझ्याकडं अकरा पंढरपुरी म्हशी आहेत. सोलापूरचा गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) उठला त्याच आठवड्यात तिघींना दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली. सड गरम, दुधात कण्या. आधी एका ठिकाणी दूध तपासायला दिलं, तर रिपोर्टवर एकच शब्द: स्ट्रेप्टोकोकस. हे जंतूचं नुसतं आडनाव. गड्ड्याच्या गर्दीत "ओ पाटील" म्हणून हाक मारून बघा, किती जण वळतात! कासेत या आडनावाचे तिघं नेहमीचे: अ‍ॅगॅलॅक्टी, डिसगॅलॅक्टी, युबेरिस.

मग आमच्या डॉक्टरांनी शहरातल्या या दुसऱ्या लॅबमध्ये पाठवलं. त्यांनी पहिला नमुना घेतलाच नाही. सड स्पिरिटनं पुसला नव्हता, पहिल्या धारा सोडल्या नव्हत्या, वर बाटली स्कूटरच्या डिकीत तापलेली. राग आला, पण चूक माझीच होती. दुसऱ्या दिवशी निर्जंतुक बाटल्या बर्फात घालून नेल्या.

तिथल्या मॅडमनी प्लेटच दाखवली. मेंढीच्या रक्ताचा तांबडा आगर (जंतू वाढवायची जेली), मधोमध स्टॅफिलोकोकस ऑरियस या दुसऱ्या जंतूची उभी रेघ. तिला न टेकवता, काटकोनात माझ्या म्हशींच्या जंतूंच्या तीन रेघा. दोघींच्या रेघेच्या टोकाला रक्त विरघळून बाणाच्या फाळासारखा स्वच्छ ठसा उमटलेला. ते अ‍ॅगॅलॅक्टी. या टेस्टला कॅम्प म्हणतात, 1944 ची आहे. ख्रिस्टी, अ‍ॅटकिन्स आणि मुंच-पीटरसन यांची आद्याक्षरं. तिसरीला बाण नाही, पण तिच्या जंतूची एस्क्युलिनची (हा पदार्थ जंतू फोडतो का ते बघायची) नळी काळीकुट्ट. आणखी दोन-तीन टेस्ट करून तो युबेरिस ठरला.

आता याचा गोठ्यात उपयोग काय? अ‍ॅगॅलॅक्टी कासेतच राहतो आणि धार काढणाऱ्याच्या हातानं, फडक्यानं दुसरीकडं जातो. आमच्याकडं अकरा म्हशींना एकच फडकं होतं, लिहायलाही लाज वाटते. त्या दोघींची धार आता सगळ्यात शेवटी. युबेरिस मुख्यतः शेणातून, ओल्या जागेतून येतो, म्हणून तिसरीच्या खालचा चिखल काढून मुरूम टाकला. कुठलं औषध लागू पडेल याचा तक्ता रिपोर्टसोबतच मिळाला, डॉक्टरांनी त्यावरूनच औषध दिलं.

एक तारा कापतोय. फोन उचलत नाहीत, आणि रिपोर्ट सगळा इंग्रजीत. पोराकडून वाचून घ्यावा लागला.

सडात औषधाची ट्यूब सोडायच्या आधी नमुना घ्या. आणि शनिवारी नेऊ नका, रविवारी बंद असतं.