गूगलचा मोफत टेक्निकल रायटिंग कोर्स: केला, आणि कामी आला

सहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केल्यावर मला टेक्निकल रायटिंगकडे, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे समजावणाऱ्या लेखनाकडे वळायचं होतं. आधी एका ठिकाणी पैसे भरून क्लास लावला. तिथे महिनाभर टूल्सचे मेन्यू दाखवले, पण एक पानही कुणी लिहून घेतलं नाही. गूगलच्या कोर्समध्ये पहिल्याच धड्यापासून लिहावं लागतं, म्हणून तो मला मनापासून आवडला.

मुख्य भाग दोन. पहिल्यात शब्द, वाक्यं, परिच्छेद, याद्या आणि वाचक कोण याचा विचार. दुसऱ्यात आपलंच लेखन तपासणं, मोठं डॉक्युमेंट मांडणं, आकृत्या आणि सॅम्पल कोड. कोर्स इंग्रजीत आहे, पण भाषा इतकी सोपी की कुठे अडायला होत नाही.

माझी सगळ्यात मोठी सवय सुटली ती कर्तरी प्रयोगाच्या धड्यात. टेस्टिंगच्या रिपोर्टमध्ये मी सर्रास लिहायचे, ‘सेव्ह केल्यावर फाइल अपडेट केली जाते.’ कोण करतं अपडेट? वापरणाऱ्याने करायची, की सर्व्हर करतो? ‘सर्व्हर फाइल अपडेट करतो’ असं लिहिलं की वाचणारा निर्धास्त होतो, कारण त्याला काही करायचं नाही हे त्याला कळतं. सर्वनामांचा नियमही तसाच: नाम आणि सर्वनाम यांच्यात पाचपेक्षा जास्त शब्द आले, तर नामच पुन्हा लिहायचा विचार करा. नियम इंग्रजीसाठी आहे, पण मराठीत लिहितानाही मी आता ‘ते’ आणि ‘त्यामुळे’ दोनदा तपासते.

वाचकाबद्दलच्या धड्यात एक वजाबाकी आहे. काम करायला वाचकाला जे ज्ञान आणि कौशल्य लागतं, त्यातून त्याच्याकडे आधीच असलेलं वजा करा. उरेल ते लिहा. मला वाटलं, हे कळलं. मग एका छोट्या ओपन सोर्स टूलची इन्स्टॉलेशनची सूचना नव्याने लिहिली आणि धाकट्या भावाला लॅपटॉपसमोर बसवलं. अट एकच, मी काही बोलणार नाही. चौथ्या पायरीला तो थांबला. ‘कॉन्फिग फाइल उघडा’ असं लिहिलं होतं, पण ती (टूलची सेटिंग्ज असलेली) फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते लिहिलंच नव्हतं. तो फोल्डर मी रोज उघडत असल्यामुळे ते सांगायला हवं हे मला सुचलंच नाही. चार मिनिटं तो शोधत होता आणि मी गप्प बसून बघत होते. वजाबाकी खरी समजली ती तेव्हा.

म्हणून माझं सांगणं असं, की कोर्स नुसता वाचू नका. स्वतःचं एखादं डॉक्युमेंट शेजारी उघडून ठेवा आणि धडा संपला की लगेच त्यावर चालवा.

काही गोष्टी दुसरीकडून शिकाव्या लागतात. कोर्स मुळात इंजिनिअर लोकांसाठी आहे, त्यामुळे कामात बुडालेल्या डेव्हलपरकडून माहिती कशी काढायची किंवा गिट (फाइलमधले बदल नोंदवून ठेवणारं टूल) कसं वापरायचं हे त्यात शोधू नका. मोठ्या डॉक्युमेंटच्या मांडणीसाठी मला डॅनिएले प्रोचिदा यांची ‘डायटॅक्सिस’ पद्धत जास्त उपयोगी पडली. नवख्याला हात धरून शिकवणारं, एखादं ठरावीक काम करून देणारं, संदर्भासाठीचं आणि ‘असं का’ हे उलगडणारं, असे लेखनाचे चार प्रकार ती वेगळे ठेवते. माझ्या जुन्या सूचनेत चारही एकाच पानावर कोंबलेले होते.

मुलाखतीला मी तीच सूचना घेऊन गेले, आधीची आणि नंतरची शेजारी शेजारी. चौथ्या पायरीत फाइलचा पूर्ण पाथ (फोल्डरसकट पत्ता) का दिलाय, असं समोरच्या बाईंनी विचारलं. मी भावाची ती चार मिनिटं सांगितली. पुढचा अर्धा तास आम्ही त्या एका पानावरच बोलत होतो.