तुमच्या पीसीत कोणतं चालेल? मध्यम किमतीची पाच ग्राफिक्स कार्डं समोरासमोर

मध्यम किमतीचं ग्राफिक्स कार्ड घरोघरी पोचतं ते सगळ्यांत वेगवान असतं म्हणून नव्हे. घरात आधीच असलेल्या पीसीत ते विनातक्रार चालतं, म्हणून पोचतं. एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० हे उदाहरण घ्या. जुलै २०१६ मध्ये आलेलं हे ६ जीबीचं कार्ड २४९ डॉलरचं होतं, १२० वॅट खायचं आणि त्याला ६ पिनची एकच वायर लागायची. ४५० वॅटचा बरा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) असला की बाकी काही बदलावं लागत नसे. त्याच्या काही आठवडे आधी आलेलं एएमडीचं आरएक्स ४८० कागदावर भारी होतं: ८ जीबी मेमरी आणि किंमत २३९ डॉलर. पण सुरुवातीची कार्डं मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॅटच्या मर्यादेपेक्षा जास्त वीज ओढत असल्याचं निघालं. एएमडीने ड्रायव्हरमधून ते आठवडाभरात सुधारलं, तरी साध्या मदरबोर्डवाल्यांच्या मनात भीती बसली ती बसलीच.

१०६० पुढे कित्येक वर्षं गेम विकणाऱ्या स्टीम या मंचाच्या हार्डवेअर पाहणीत पहिल्या क्रमांकावर राहिलं. मात्र अशा पाहणीतला क्रमांक म्हणजे खरेदीचा सल्ला नव्हे. त्यात दुकानातून तयार मिळणारे पीसीही येतात, आणि सायबर कॅफेतले पीसी पुन्हा पुन्हा मोजले जात होते हे स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने २०१८ मध्ये स्वतःच सांगून पद्धत बदलली. लोकप्रियतेमागची कारणं तेवढी उचलावीत आणि ती आपल्या कॅबिनेटला लावून बघावीत.

आज निवड प्रामुख्याने या पाचांत आहे. आरटीएक्स एनव्हिडियाची, आरएक्स एएमडीचं, आर्क इंटेलचं. किमती कार्डं बाजारात आली तेव्हाच्या, अमेरिकेतल्या, कर सोडून. बँडविड्थ म्हणजे कार्डाच्या मेमरीतून माहिती वाहण्याचा वेग, लेन म्हणजे कार्डाला मदरबोर्डशी जोडणाऱ्या समांतर वाटा.

| कार्ड | कधी आलं | किंमत (डॉलर) | मेमरी | बँडविड्थ (जीबी प्रति सेकंद) | वीज | लेन |
|---|---|---|---|---|---|---|
| आरटीएक्स ३०६० | फेब्रु. २०२१ | ३२९ | १२ जीबी | ३६० | १७० वॅट | १६ |
| आर्क बी५८० | डिसें. २०२४ | २४९ | १२ जीबी | ४५६ | १९० वॅट | ८ |
| आरटीएक्स ५०६० | मे २०२५ | २९९ | ८ जीबी | ४४८ | १४५ वॅट | ८ |
| आरएक्स ९०६० एक्सटी | जून २०२५ | ३४९ | १६ जीबी | साधारण ३२० | १६० वॅट | १६ |
| आरटीएक्स ५०६० टीआय | एप्रिल २०२५ | ४२९ | १६ जीबी | ४४८ | १८० वॅट | ८ |

शेवटची दोन कार्डं ८ जीबीतही मिळतात, नाव तेच आणि खोकाही जवळपास तसाच. ऑनलाइन यादीत ‘९०६० एक्सटी’ एवढंच वाचून ऑर्डर टाकू नका. दोन्ही कंपन्यांनी सुरुवातीला ८ आणि १६ जीबीमध्ये ५० डॉलरचा फरक ठेवला होता, आणि या किमतीच्या टप्प्यात त्याहून चांगल्या कामाला लागणारे ५० डॉलर दुसरे नाहीत.

मेमरीचा हिशेब

कार्डावरची प्रत्येक मेमरी चिप ३२ बिटच्या वाटेने जोडलेली असते. १२८ बिटच्या कार्डावर म्हणून चार चिप बसतात. २ जीबीच्या चार चिप म्हणजे ८ जीबी. १६ हवे असतील तर बोर्डाच्या मागच्या बाजूलाही चार बसवाव्या लागतात. ३०६० ची वाट १९२ बिटची, म्हणजे सहा चिप. तिथे ६ किंवा १२ असे दोनच सरळ पर्याय होते. ६ जीबी २०२१ मध्ये तोकडे पडले असते, म्हणून १२ आले. त्यामुळे ३०६० टीआय आणि ३०७० ही तिच्याहून वेगवान, महाग कार्डं ८ जीबीवर राहिली आणि धाकट्या ३०६० ला १२ मिळाले. हे कार्ड इतकं टिकलं, ब्लेंडर (त्रिमितीय चित्रं बनवण्याचं सॉफ्टवेअर) शिकणाऱ्यांनी आणि घरच्या पीसीवर एआयने चित्रं बनवणाऱ्यांनीही उचललं, त्याचं मूळ या गणितात आहे. जिथे मॉडेल किंवा दृश्य मेमरीत मावतं की नाही हाच प्रश्न असतो, तिथे हळू कार्डही चालतं. न मावणारं वेगवान कार्ड चालत नाही.

गेममध्ये ८ जीबी भरले की काय होतं ते नीट समजून घ्या, कारण सरासरी फ्रेम्सच्या (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांच्या) आलेखात ते लपतं. उरलेला माल पीसीच्या रॅममध्ये ठेवला जातो आणि गरज लागेल तसा स्लॉटमधून आणला जातो. त्या वाहतुकीचा वेग कार्डाच्या स्वतःच्या मेमरीपेक्षा कितीतरी कमी असतो. परिणाम तीन प्रकारे दिसतो. एक, मान वळवली की खेळ क्षणभर अडकतो; सरासरी ७० दिसते पण सगळ्यांत वाईट १ टक्का फ्रेम्स १५-२० वर आदळतात. दोन, भिंती आणि चेहरे धूसर राहतात, कारण गेम गुपचूप हलकी टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावर चिकटवलेली चित्रं) वापरतो. असं झालं की फ्रेम्सचा आकडा चांगला दिसतो आणि आपण फसतो. तीन, एखादा गेम सरळ बंद पडतो. मार्च २०२३ मध्ये पीसीवर आलेल्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ने ८ जीबीवाल्यांना हे पहिल्यांदा जोरात जाणवून दिलं. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’मध्ये टेक्स्चर पूलची, म्हणजे टेक्स्चरसाठी राखलेल्या मेमरीची, पायरी खाली आणल्याशिवाय ८ जीबीचं कार्ड धड चालत नाही.

कृत्रिम फ्रेम्स बनवणारं फ्रेम जनरेशन स्वतःही मेमरी खातं, हे जाहिरातीत कुठे सांगत नाहीत. ५०६० ज्या सोयीच्या जोरावर विकलं जातं, ती सोय नेमकी ८ जीबी भरत आलेले असताना चालू केली की उलटा परिणाम होऊ शकतो.

व्हॅलोरंट, सीएस २, डोटा २ एवढंच खेळणाऱ्याला मात्र ८ जीबी पुरतात. त्याने १६ जीबीसाठी जीव टाकू नये; तो पैसा १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला किंवा प्रोसेसरला लावावा.

स्लॉट: आपल्याकडचा सगळ्यांत दुर्लक्षित मुद्दा

५०६०, ५०६० टीआय आणि बी५८० या तिघांना १६ ऐवजी ८ च लेन आहेत. नव्या बोर्डावर काही बिघडत नाही. पीसीआयई ३.० (स्लॉटच्या वेगाची जुनी पिढी) वाल्या जुन्या बोर्डावर मात्र ८ लेनमधून सेकंदाला जेमतेम ८ जीबी जातात. मेमरी पुरत असेल तोवर नुकसान थोडं असतं. ८ जीबीचं कार्ड भरून वाहू लागलं की तीच अरुंद वाट गळा आवळते. ५०६० आणि पीसीआयई ३.० ही जोडी त्यामुळे टाळावी.

आपला पीसी यात येतो का? बी४५० बोर्ड आणि इंटेलचे दहाव्या पिढीचे प्रोसेसर, जसा आय५ १०४००एफ, पीसीआयई ३.० वरच आहेत. फसगत होते ती रायझन ५ ५६००जी आणि ५५०० मध्ये. बोर्ड बी५५० असला तरी हे दोन प्रोसेसर ३.० च देतात. कार्डांचे भाव अस्मानाला भिडले होते त्या काळात ‘आत्ता ५६००जी घेऊ, कार्ड नंतर’ असं ठरवून बांधलेले पीसी आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांच्यासाठी १६ लेनचं ९०६० एक्सटी सगळ्यांत निर्धोक. बी५५० बोर्डावर साधं ५६००, किंवा इंटेलचा आय५ १२४००एफ असेल तर ४.० मिळतं आणि काळजी बरीचशी मिटते.

बी५८०: स्वस्त, पण अटींसह

२४९ डॉलरमध्ये १२ जीबी आणि ४५६ ची बँडविड्थ देणारं दुसरं नवं कार्ड नव्हतं. चांगल्या प्रोसेसरसोबत ते १४४०पी रिझोल्यूशनवर एनव्हिडियाच्या मागच्या पिढीतल्या आरटीएक्स ४०६० च्या पुढे जातं. पण त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त ओझं टाकतो. रायझन ५ २६०० किंवा ३६०० सोबत काही गेममध्ये फ्रेम्स इतक्या घसरल्या की स्वस्तपणाचा फायदाच उरला नाही. नंतरच्या ड्रायव्हरांनी हे दुखणं काही गेममध्ये कमी केलं, तरी ५६०० च्या खाली हे कार्ड घेऊ नये. जुन्या पीसीसाठी स्वस्त कार्ड शोधणाऱ्यालाच ते सर्वांत कमी मानवतं, ही खरी अडचण आहे.

शिवाय रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरता येण्याची सोय) चालू असणं इथे सक्तीचंच समजा. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ‘अबव्ह ४जी डीकोडिंग’ आणि ‘रीसाइझेबल बार’ चालू करा, ‘सीएसएम’ (जुन्या पद्धतीने पीसी सुरू करण्याची सोय) बंद करा. सीएसएम बंद केल्यावर विंडोज सुरूच झालं नाही, तर डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. सीएसएम पुन्हा चालू करून आत जा, बॅकअप घ्या, विंडोजच्याच ‘एमबीआर२जीपीटी’ने डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदला आणि मग सीएसएम बंद करा. पीसी रिकामा असतानाही कार्ड बरीच वीज खात असेल, तर बायोसमध्ये ‘एएसपीएम’ चालू करून विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ सर्वाधिक बचतीवर ठेवा.

९०६० एक्सटी की ५०६० टीआय?

१६ जीबीचं घ्यायचं ठरलं की सामना या दोघांत. साध्या खेळात ५०६० टीआय साधारण ५ टक्के पुढे असतं, रे ट्रेसिंगमध्ये (प्रकाश-सावल्यांचा खराखुरा हिशेब) अंतर थोडं वाढतं. सुरुवातीच्या किमतीत फरक ८० डॉलरचा, म्हणजे जवळजवळ पाव पट जास्त. निव्वळ खेळण्यासाठी एवढे मोजणं पटत नाही.

पण निव्वळ खेळणारे सगळेच नसतात. ब्लेंडर, व्हिडिओ संपादनाचं दाविंची रिझॉल्व्ह किंवा कुडा या एनव्हिडियाच्या प्रणालीवर चालणारी एआय साधनं वापरायची असतील तर ५०६० टीआय घ्या आणि मागे वळून पाहू नका. तिथे एनव्हिडियाचं कार्ड कमी कटकटीचं आहे. कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं आणि नितळ करणारं एनव्हिडियाचं डीएलएसएसही जास्त गेममध्ये आहे. एएमडीचं एफएसआर ४ चित्राच्या दर्जात पहिल्यांदाच त्याच्या जवळ आलं, पण त्याला पाठिंबा देणारे गेम अजून कमी आहेत. खरेदीआधी आपण खेळतो ते पाच-सहा गेम लिहून काढा आणि कोणत्यात काय चालतं ते बघा. ही यादी कुठल्याही सरासरीपेक्षा उपयोगी.

वीज आणि वायर

९०६० एक्सटी किंवा ५०६० ला बहुतेक मॉडेलांत ८ पिनची एकच वायर लागते. १०६० ला मिळालेला फायदा तोच, आणि ५५० वॅटचा नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस पुरतो. ब्रँडेड ऑफिस पीसीत बऱ्याचदा ८ पिनची वायरच नसते, आणि एसएमपीएसचा आकारही वेगळा असतो. तिथे मोलेक्सवरून (जुन्या चार पिनच्या वायरवरून) ८ पिन करणारा अडॅप्टर लावू नका. ८ पिनच्या जोडावर १५० वॅटपर्यंतची अपेक्षा असते. बारीक मोलेक्स वायर तेवढ्याने तापते, प्लास्टिक वितळतं. तीन पंख्यांची कार्डं ३० सेंटिमीटरच्या आसपास असतात, म्हणून समोरच्या पंख्यापासून स्लॉटच्या पट्टीपर्यंतची जागा टेपने मोजून घ्या. १५०-१६० वॅटच्या कार्डाला दोन पंखे पुरतात. तिसऱ्या पंख्याचे आणि दिव्यांचे जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

सेकंडहँड ३०६०

नवं ३०६० आता घेण्यात मजा नाही. वेगात ५०६० बरंच पुढे गेलं आहे. वापरलेलं, बी५८० च्या नव्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास मिळालं तर विचार करा, विशेषतः पीसीआयई ३.० चा बोर्ड आणि ब्लेंडरचं काम असेल तर. त्याला १६ लेन आहेत, हे इथे कामाला येतं. ३०६० नावाचं ८ जीबीचं कार्डही २०२२ च्या अखेरीस आलं होतं, ते १२८ बिटचं आणि स्पष्टपणे हळू. विकणाऱ्यासमोरच जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा: ३५८४ शेडर, १९२ बिट, १२ जीबी हे तिन्ही दिसलेच पाहिजेत. मग १५ मिनिटं फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारी चाचणी) चालवा. कार्डाचं तापमान आणि हॉटस्पॉट (चिपचा सगळ्यांत तापलेला भाग) यांत २५ अंशांहून जास्त फरक पडला तर चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली आहे. ती बदलता येते, पण भाव त्या हिशेबाने पाडून मागा. पडद्यावर ठिपके किंवा चौकडे दिसले तर मात्र व्यवहार तिथेच सोडा. सप्टेंबर २०२२ पर्यंत या कार्डांवर इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग चालायचं. मायनिंगने चिप सहसा मरत नाही. पंख्यांचे बेअरिंग आणि मेमरीवरचे पॅड झिजतात, तेव्हा कान लावून पंख्यांची घरघर ऐका.

भाव योग्य आहे का?

डॉलरची किंमत कर सोडून असते. आपल्याकडे १८ टक्के जीएसटी लागतो. ३४९ डॉलरचं कार्ड करासह साधारण ४१२ डॉलर, २९९ चं ३५३. त्याला त्या दिवशीच्या डॉलरच्या भावाने गुणा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा किंवा ऑनलाइन भाव त्याच्यावर १०-१५ टक्क्यांपर्यंत असेल तर रास्त समजा. २०२५ च्या अखेरीस मेमरी चिप महागल्या, त्यामुळे १६ आणि ८ जीबीमधला फरक ५० डॉलरच राहील असं धरून चालू नका. तो दुपटीच्या पुढे गेला आणि तुम्ही १०८०पी वरच खेळत असाल, तर १२ जीबीच्या बी५८० कडे पुन्हा बघा, अर्थात प्रोसेसर त्याच्या तोडीचा असेल तरच.

कार्ड घरी आलं की जुन्या कंपनीचा ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू या साधनाने पुसून मगच नवा टाका, आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे, कार्डाला लावा. जीपीयू-झेडमधल्या ‘बस इंटरफेस’ रकान्यात ९०६० एक्सटीला ‘एक्स१६’ दिसलं पाहिजे. ‘एक्स४’ दिसलं तर कार्ड खालच्या स्लॉटमध्ये बसलं आहे. पीसी बंद करून, वायर काढून, ते वरच्या स्लॉटमध्ये टक् असा आवाज येईपर्यंत दाबून बसवा.