२०१४ चा संगणक, नवी एसएसडी आणि दहा महिन्यांचा अनुभव

सांगलीच्या गावभागातील आमच्या घरी २०१४ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. त्यात इंटेलचा चौथ्या पिढीचा कोअर आय-३ प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर-३ रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क होती. मार्केट यार्डातील तीन हळद व्यापाऱ्यांचे हिशेब मी याच संगणकावर लिहिते आणि उरलेल्या वेळेत मुलगा त्यावर बारावीचा अभ्यास करतो. मे २०२५ पर्यंत त्याची अवस्था अशी झाली होती की बटण दाबल्यापासून टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा पडदा समोर येईपर्यंत नऊ मिनिटे जात. जून २०२५ मध्ये त्यात ५०० जीबीची साटा एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क; साटा हा तिच्या जोडणीचा प्रकार) बसवली आणि जुलैत रॅम वाढवली. हळदीचा हंगाम आणि मार्चअखेर ही दोन्ही ओझी त्याने पेलल्यानंतरच हा अनुभव लिहीत आहे.

त्याआधीची दोन वर्षे मी चुकीच्या उपायांत घालवली, हे प्रथम सांगितले पाहिजे. दोन वेळा पैसे देऊन विंडोज नव्याने टाकून घेतली, एक अँटिव्हायरस काढून दुसरा आणला आणि ‘वेग वाढवणारे’ म्हणून जाहिरात होणारे एक सॉफ्टवेअरही विकत घेतले. विंडोज नवी टाकली की पंधरा दिवस बरे जात आणि मग पुन्हा तेच सुरू होई. एका दुकानात तर तपासणी न करताच नवा संगणक घेण्याचा सल्ला मिळाला. शेवटी भाचा सुट्टीत आला तेव्हा म्हणाला, “मावशी, काही बदलायच्या आधी टास्क मॅनेजर उघडून नुसतं बघत बस.” प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांवरचा भार दाखवणारी विंडोजची ती खिडकी आम्ही पंधरा मिनिटे पाहत बसलो. प्रोसेसर वीस टक्क्यांच्या वर क्वचितच जात होता, मात्र डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवरून हलत नव्हता आणि त्याच वेळी प्रत्यक्ष वाचन-लेखन सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी इतकेच होत होते.

या विसंगतीचे कारण समजून घेतले तर पैसे कुठे घालायचे ते आपोआप ठरते. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते आणि डोके त्या रेषेवर नेण्याचा वेळ त्यात मिळवला की प्रत्येक विखुरलेल्या वाचनाला दहा-बारा मिलिसेकंद होतात. म्हणजे सेकंदाला साधारण शंभर ठिकाणेच वाचून होतात, आणि विंडोज सुरू होताना तर हजारो लहान फाइली ठिकठिकाणाहून वाचाव्या लागतात. एसएसडीत काही फिरतच नसल्यामुळे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास होते. खोक्यावर छापलेला ‘सेकंदाला ५५० एमबी’ हा आकडा सलग मोठी फाइल वाचण्याचा आहे. त्या बाबतीत हार्ड डिस्कपेक्षा फरक तीन-चार पटींचाच असतो, पण विखुरलेल्या वाचनात तो शंभर पटींच्याही पुढे जातो आणि घरगुती वापरात जाणवतो तो हाच.

क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरने आमची डिस्क पिवळ्या रंगात दाखवली, कारण ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’ शून्य राहिला नव्हता. जी जागा डिस्कला धड वाचता येत नाही आणि जिचा निकाल अजून लागलेला नाही, अशा जागांची ही मोजणी असते. (हे आकडे तिथे षोडशमान पद्धतीत दिसतात, त्यामुळे १० म्हणजे सोळा.) डिस्क अशा स्थितीत असेल तर वेगाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. आम्ही ते केले. नंतर संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत काढण्याचा प्रयत्न मात्र खराब जागांवर अडून दोनदा थांबला, म्हणून विंडोज एसएसडीवर कोरीच टाकली. तिचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्याने इंटरनेट मिळताच ती आपोआप सक्रिय झाली. एक गोष्ट मात्र विसरली होती. युनिकोड या आजच्या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये लिहिलेली व्यापाऱ्यांची जुनी पत्रे उघडली तेव्हा नुसती निरर्थक अक्षरे दिसली. जुन्या डिस्कवरील विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून ते फॉन्ट आणल्यावर पत्रे पूर्ववत झाली. ज्यांच्याकडे असे जुने दस्तऐवज आहेत त्यांनी फॉन्टची प्रत आधीच काढून ठेवावी.

बसवण्याचे काम अर्ध्या तासाचे होते. कॅबिनेटमध्ये अडीच इंची डिस्कसाठी जागा नव्हती, म्हणून एक साधा ब्रॅकेट घेतला. पहिल्या चाचणीत सलग वाचनाचा वेग २७० एमबीच्या आसपासच आला, तेव्हा लक्षात आले की एच८१ मदरबोर्डवरील चार साटा पोर्टांपैकी दोनच सेकंदाला ६ गिगाबिटचे असतात आणि आम्ही केबल ३ गिगाबिटच्या पोर्टला लावली होती. केबल बदलल्यावर वेग ५०० च्या वर गेला, पण रोजच्या कामात त्या बदलाने मला काहीही फरक जाणवला नाही. कॅबिनेट उघडलेच होते, म्हणून अकरा वर्षांची धूळ ब्लोअरने काढली आणि प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलली. त्यामुळे पंख्याचा सततचा घरघराट थांबला.

आता बटण दाबल्यापासून टॅली उघडेपर्यंत पाऊण मिनिट लागते. मात्र पहिल्या महिन्यात एक अडचण उरली होती. टॅली, एक्सेल आणि ब्राउझर एकत्र चालू असले की मधेच सारे काही क्षण थिजत असे. मेमरीचा आकडा ९० टक्क्यांच्या वर असल्याचे दिसले. ४ जीबी रॅम भरली की विंडोज उरलेला भाग डिस्कवरील पेज फाइलमध्ये ढकलते. म्हणजे पूर्वी जो १०० टक्क्यांचा आकडा आम्ही सर्वस्वी डिस्कच्या माथी मारला होता, त्यात कमी रॅमचाही वाटा होता. तेवढीच दुसरी ४ जीबीची पट्टी जुन्या बाजारातून सातशे रुपयांना मिळाली. ती बसवल्यावर पडद्यावर काहीच दिसेना. दोन्ही पट्ट्यांचे सोनेरी टोक खोडरबराने पुसून ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबल्यावर संगणक सुरू झाला आणि तेव्हापासून ते थिजणे जवळजवळ बंद झाले.

एसएसडीचे दोष दहा महिन्यांत दोनच जाणवले. बाहेरच्या डिस्कवरून ६० जीबीचे व्हिडिओ एकदम उतरवताना काही वेळाने लिहिण्याचा वेग हार्ड डिस्कच्याही खाली गेला. स्वस्त एसएसडीतील जलद साठवणीचा लहान भाग भरला की असे होते आणि या किमतीत ते गृहीतच धरावे. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. हार्ड डिस्क बहुधा कुरकुर करून, मंदावून सूचना देते, तर एसएसडी कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडू शकते आणि तिच्यातून पुसलेली फाइल परत मिळणे फार कठीण असते. म्हणून हिशेबांची एक प्रत मी दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर घेते आणि महिन्यातून एकदा दुसरी प्रत मिरजेला बहिणीच्या घरी ठेवते, कारण २०१९ च्या महापुरात तिच्या घरापर्यंत पाणी पोहोचले नव्हते आणि आम्हाला मात्र हेच कॅबिनेट उचलून वरच्या मजल्यावर धावावे लागले होते. लेखनाने एसएसडी झिजून तिचे आयुष्य संपेल ही चिंता मात्र निराधार ठरली. दहा महिन्यांत सुमारे ३ टीबी लेखन झाले आहे आणि माहितीपत्रकात १२० टीबी लेखनाची हमी आहे.

एका गोष्टीवर या दुरुस्तीचा इलाज नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरांना, मोजके अपवाद वगळता, अधिकृतपणे स्वीकारत नाही. नोंदणी करून आम्ही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सुरक्षा अद्यतने मिळवली आहेत. हिशेबांसाठी त्यानंतर दुसरा संगणक घ्यावा लागेल. ही एसएसडी त्यातही लावता येईल आणि हा जुना संगणक विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून मुलाकडे राहील. एकूण खर्च पाच हजारांच्या आत झाला. अलीकडे एसएसडी आणि रॅमचे भाव बरेच चढले असल्याने आज तो अधिक येईल, तरीही आधी टास्क मॅनेजर पाहून डिस्कच अडते आहे अशी खात्री झाली असेल, तर मी हा खर्च पुन्हा करीन.

जुनी हार्ड डिस्क अजून कपाटात आहे. तिच्यावर तिघा व्यापाऱ्यांचे दहा वर्षांचे व्यवहार आहेत आणि खराब जागांवरचा मजकूर सॉफ्टवेअरने पूर्ण पुसला जाईल याचा भरवसा नाही. म्हणून यंदाचे हिशेब तपासून झाले की ती भंगारात देण्याआधी ड्रिलने तबकडीला आरपार छिद्रे पाडून घेणार आहे.