आयएसआयचा स्टिकर लावलेली तिजोरी आणि बिलावरचं ‘स्टील कॅबिनेट’

घरात तिजोरी घ्यायचा विचार चालू असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. ठाण्यातल्या एका विक्रेत्याने आम्हाला तिजोरीच्या नावाखाली पत्र्याचं कपाट विकलं आणि त्यावर आयएसआयचं खोटं चिन्ह चिकटवून दिलं. तक्रार ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. फसवायची पद्धत मात्र सगळ्यांना कळायला हवी. ती कोणत्याही गावात, कोणाच्याही बाबतीत चालेल अशी आहे.

आमचं बँकेत लॉकर आहे. दागिने तिथेच असतात. घरात तिजोरी हवी होती ती बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या घड्याळांसाठी. त्यांच्याकडे एचएमटीचं ‘जनता’ आहे, ‘पायलट’ आहे, आणखी काही जुनी आहेत. सगळी चावी द्यायची. रोज सकाळी अंघोळ झाली की बाबा एकेकाला चावी देतात. अशी घड्याळं बँकेत नेऊन कशी ठेवणार? एचएमटीचा घड्याळांचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, त्यामुळे त्या काळचं घड्याळ गेलं तर तसंच पुन्हा मिळणं कठीण. शिवाय घराची कागदपत्रं, पासपोर्ट आणि थोडी रोकड ठेवायची होती.

(लॉकर म्हणजे विमा, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार चोरी, आग किंवा बँकेच्याच कर्मचाऱ्याची अफरातफर झाली, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंतच असते. भाडं ३,००० रुपये असेल तर ३ लाख, मग आत कितीही सोनं असो.)

दुकानात मांडलेला नमुना उत्तम होता. जाड दार, दारातून तिन्ही बाजूंना बाहेर येणारे भरीव गज. “वहिनी, जरा सरकवून बघा,” असं विक्रेता म्हणाला. मी आणि नवऱ्याने मिळून जोर लावला तरी ती हलली नाही. आयएस ५५० (तिजोऱ्यांचं भारतीय मानक) प्रमाणे तपासलेली आहे, आगीत तासभर टिकते, असं त्याने सांगितलं. व्हॉट्सॲपवर त्याच तिजोरीचं माहितीपत्रकही पाठवलं.

घरी आली ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. रंग तोच, मूठ तीच, कीपॅड तेच. कोपऱ्यात आयएसआयचा स्टिकर. लिफ्ट बंद होती, आणि दोन पोरांनी ती वाटेत कुठेही न टेकवता जिन्याने वर आणली. इतकी हलकी कशी, असं आम्ही तिथल्या तिथे फोन करून विचारलं. “ताई, नवीन अलॉय स्टील आहे. आता जड माल कोणी बनवत नाही.” हे सरळ खोटं होतं. चोरीला आणि आगीला टिकणारी तिजोरी जडच असते, कारण दोन पत्र्यांच्या मध्ये भरलेल्या काँक्रीटसारख्या भरावामुळेच ती टिकते. त्या पोरांनी तिजोरी सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतीला साध्या स्क्रूंनी अडकवली आणि ते गेले.

पावसाळ्यात कीपॅड बंद पडलं. दुकानाचा माणूस आला. कीपॅडच्या वर कंपनीच्या नावाची छोटी पट्टी होती, ती त्याने नखाने उचकटली. खाली चावीचं भोक. आमची चावी मी आणेपर्यंत त्याने स्वतःच्या जुडग्यातली एक चावी घातली, फिरवली, आणि दार उघडलं. मी त्याच्याकडे बघतच राहिले. “ही चावी या मॉडेलच्या सगळ्या तिजोऱ्यांना लागते का?” “हो मॅडम, टेन्शन नका घेऊ, कधीही बोलवा.”

आतून कुबट वास आला. ‘पायलट’च्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी होती आणि ‘जनता’च्या काचेला आतून वाफ धरली होती. बाबा काही बोलले नाहीत. ते घड्याळ पुसत बसले, आणि ते बघणं मला जड गेलं.

तो माणूस गेल्यावर आम्ही दाराच्या आतली पट्टी खोलली. चार स्क्रू. आत थर्माकोलचे तुकडे, आणि पत्रा इतका पातळ की अंगठ्याने दाबला तर आत जात होता. मग फोनवर ‘बीआयएस केअर’ हे भारतीय मानक ब्युरोचं ॲप घेतलं. आयएसआय चिन्हाचा परवाना हाच ब्युरो देतो. प्रत्येक खऱ्या आयएसआय चिन्हाबरोबर सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आणि कशासाठी हे कळतं. आमच्या स्टिकरवरचा क्रमांक दुसऱ्याच कारखान्याचा निघाला, आणि त्यातही तिजोरीचा नव्हेच.

खरा धक्का बिलाने दिला. माझी जाऊ जीएसटीची कामं करते. बिल हातात घेताच ती म्हणाली, “अगं, इथे ‘स्टील कॅबिनेट’ लिहिलंय. कोडही ९४०३ टाकलाय, म्हणजे फर्निचर!” तिजोऱ्यांचा एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीच्या बिलावर मालाचा प्रकार सांगणारा क्रमांक, ८३०३ असतो. मी विक्रेत्याला फोन केला, तेव्हा त्याचं उत्तर तयारच होतं: “आम्ही तुम्हाला तिजोरी विकलेलीच नाही, बिल बघा.” म्हणजे दुकानात खरी तिजोरी दाखवायची, घरी तशीच दिसणारी पेटी पाठवायची, आणि बिलात पहिल्यापासून पळवाट ठेवायची. हा ठरवून केलेला डाव आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

त्याच्या दुर्दैवाने व्हॉट्सॲपवरचं माहितीपत्रक आमच्याकडे होतं, त्यावर ‘फायरप्रूफ तिजोरी, आयएस ५५०’ असं स्पष्ट छापलंय. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग नोटीस पाठवली, आणि तरीही तो दाद देईना तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार केली. २०१९ च्या कायद्यामुळे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाचं शुल्क नाही. खोट्या चिन्हाची तक्रार त्याच बीआयएस ॲपवर वेगळी केली, कारण तो स्वतंत्र गुन्हा आहे.

ज्यांना तिजोरी घ्यायची आहे त्यांनी बिलावर मॉडेल, वजन, मानक आणि परवाना क्रमांक लिहून मागावा. विक्रेता कां-कूं करायला लागला तर तिथूनच परत फिरा. तिजोरी घरी आली की प्लॅस्टिक त्यांच्या माणसांसमोरच काढा, परवाना क्रमांक तपासा, आणि त्यानंतरच उरलेले पैसे द्या. चोरीपासून संरक्षण आणि आगीपासून संरक्षण या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. एक आहे म्हणजे दुसरी असेलच असं नाही, म्हणून दोन्हींबद्दल विचारा. बोल्ट काँक्रीटच्या कॉलममध्ये किंवा स्लॅबमध्येच मारून घ्या. सिपोरेक्समध्ये साधा स्क्रू धरत नाही, आणि न बांधलेली हलकी पेटी चोर उचलूनच नेतो.

घड्याळं ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट, जी मला एका जुन्या घड्याळजींनी समजावली. खऱ्या अग्निरोधक तिजोरीच्या भरावातही पाणी धरलेलं असतं. आग लागली की त्याची वाफ होते आणि आतली उष्णता आटोक्यात राहते. पण तीच ओल एरवी आत साठते, आणि ठाण्या-मुंबईच्या किंवा कोकणच्या हवेत ती चामड्याला आणि यंत्राला खाते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या, त्या वेळच्या वेळी बदलायच्या, आणि तिजोरी आठवड्यातून एकदा तरी उघडी ठेवायची. मोबाइलचे स्पीकर, चुंबकाची कव्हरं आत नकोत. चुंबकाचा परिणाम झाला की चावीचं घड्याळ पुढे पळायला लागतं.

विक्रेत्याने मध्यंतरी निरोप पाठवला, तक्रार मागे घ्या, बदल्यात दुसरं मॉडेल देतो. आम्ही नाही म्हटलं. ती पेटी दाराची पट्टी खोललेल्या अवस्थेत तशीच ठेवली आहे, आयोगाला दाखवायला. कीपॅडवाली स्वस्त तिजोरी ज्यांच्या घरी आहे, त्यांनी आज कीपॅडच्या आसपासची नावाची पट्टी उचलून बघावी. खाली चावीचं भोक असेल, तर त्या चावीची जोडी आणखी कोणाकडे आहे, हे विक्रेत्याला लेखी विचारा.