व्हिडिओवरचे आकडे बघून ड्रोनवाल्याला पैसे देऊ नका

आमची वडिलोपार्जित जमीन बडोद्याजवळ, पादरा गावालगत आहे. मी बडोद्यात, दादा पुण्याला, ताई नागपूरला. शेजारचा बांध दर पावसाळ्यापूर्वी थोडा थोडा आमच्या रानात सरकतो, म्हणून आम्ही भावंडांनी ठरवलं की तारीख, वेळ, उंची आणि अक्षांश-रेखांश दिसतील असं ड्रोनचं चित्रीकरण करून ठेवायचं. उद्या मामलतदार कचेरीत जायची वेळ आली तर हाताशी काहीतरी हवं.

मार्चमध्ये सकाळी मी स्वतः शेतावर हजर होतो. काम चोख झालं. जूनमध्ये ड्रोनवाला म्हणाला, ‘काका, एवढ्या उन्हात तुम्ही कशाला येता, मी करून आणतो.’ व्हिडिओ आला तो अगदी देखणा. कोपऱ्यात वेगाचा काटा, उंची, छोटा नकाशा, जूनमधली तारीख आणि दुपारी साडेबाराची वेळ. मी ठरलेले पैसे दिले आणि व्हिडिओ ताई-दादांना पाठवला.

ताईचा लगेच फोन आला. ‘अरे, पंपाच्या खोलीची सावली एवढी लांब कशी?’

बडोदा कर्कवृत्ताच्या थोडंसंच दक्षिणेला आहे. जूनमध्ये तिथे दुपारी साडेबाराला सूर्य जवळपास डोक्यावर येतो, सावली पायाशी गोळा होते. व्हिडिओत मात्र ती पार पश्चिमेच्या बांधापर्यंत गेलेली. मग मी एकेक आकडा तपासत बसलो. सुरुवातीला ड्रोन जमिनीवरच आहे, शेजारी चपला दिसतात, आणि उंची ३४ मीटर! ही उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजतात, तेव्हा तिथे शून्यच हवं. पुढे चित्र एका जागी स्थिर, तरी वेगाचा काटा फिरतोय. मार्चचंच चित्रीकरण होतं ते. रान तेव्हाही मोकळं होतं, त्यामुळे सहज खपून गेलं असतं.

हे आकडे चित्राबरोबर आपोआप छापून येत नाहीत. डीजेआय या ड्रोन बनवणाऱ्या कंपनीच्या बऱ्याच ड्रोनमध्ये सबटायटलची सोय चालू ठेवली, तर व्हिडिओशेजारी त्याच नावाची एसआरटी फाइल तयार होते. तिच्यात क्षणाक्षणाचे अक्षांश-रेखांश आणि उंची असते. काटे आणि नकाशे नंतर सॉफ्टवेअरने चढवतात. तिथे दुसऱ्याच उड्डाणाचा लॉग, म्हणजे नोंदवलेले आकडे, जोडता येतो, तारीख हवी ती टाकता येते. म्हणून सजवलेल्या व्हिडिओबरोबर ड्रोनच्या मेमरी कार्डवरचा मूळ व्हिडिओ, त्याची एसआरटी आणि ड्रोनवाल्याच्या फोनमधलं फ्लाइट रेकॉर्ड (उड्डाणाची नोंद), तिन्ही मागून घ्या, आणि तेही पैसे देण्याआधी. एसआरटी साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये कुणीही बदलू शकतो. फ्लाइट रेकॉर्डशी छेडछाड करणं त्यामानाने पुष्कळ अवघड.

मी मूळ फाइली मागितल्या, तर ड्रोनवाला ‘कार्ड फॉरमॅट झालं’ म्हणाला. फोनमधलं रेकॉर्ड मागितलं, तेव्हापासून माझा फोनच उचलत नाही.

मला सगळ्यात जास्त राग पैशांचा नाही. असला व्हिडिओ आम्ही कचेरीत पुरावा म्हणून दिला असता आणि समोरच्याने ती सावली दाखवली असती, तर मार्चचं खरं चित्रीकरणसुद्धा खोटं ठरलं असतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. पावती आणि दोन्ही व्हिडिओ जपून ठेवले आहेत. पाऊस लागण्याआधी दुसऱ्या माणसाकडून पुन्हा चित्रीकरण करून घेतलं. या वेळी तिन्ही फाइली शेतावरच माझ्या लॅपटॉपमध्ये उतरवून घेतल्या आणि मगच पैसे दिले.